मुघल जनानखान्यातील मानकरी स्त्रिया

मुघल बेगमा व शहजाद्या यांच्या सेवेत नेमलेल्या कुलीन स्त्रियांना राजदरबारात मानाचे स्थान होते. ब्रिटिश राजघराण्यातील लेडी-इन-वेटिंगप्रमाणे त्यांच्याकडे घरकाम नसे. सोबत, शिक्षण, मोहर सांभाळणे, दानधर्म आणि देखरेख ही त्यांची कामे होती. औरंगजेब १६३६ ते १६४४ आणि पुन्हा १६५२ ते १६५८ या काळात दख्खनचा सुभेदार होता. त्यामुळे दौलताबाद व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथेही त्याच्या कुटुंबाचे वास्तव्य होते.

दर्जा व अधिकार

अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीनुसार अकबराच्या जनानखान्यात पाच हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. सर्वोच्च दर्जाच्या स्त्रियांना दरमहा १,०२८ ते १,६१० रुपये मिळत, तर सर्वांत खालच्या सेविकांचे वेतन २ रुपये इतके कमी होते. आतील पहाराही स्त्रियांकडेच असे. महालाच्या व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या स्त्रीस महलदार म्हणत. राज्यभरातून आलेली वार्तापत्रे रात्री नऊच्या सुमारास महालातील स्त्रिया औरंगजेबास वाचून दाखवत, असे निकोलाव मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने नोंदवले आहे.

सती-उन-निसा

सती-उन-निसा ही मूळची इराणमधील. जहांगीरचा राजकवी तालिब आमुली याची बहीण. वैधव्यानंतर ती मुमताज महलच्या सेवेत आली. मुमताजची मोहर तिच्याकडे असे, आणि शहजादी जहाँआराची ती शिक्षिका होती. १६३१ मध्ये बुऱ्हाणपूर येथे मुमताजचा मृत्यू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस पार्थिव आग्र्यास नेताना शहजादा शुजासोबत सती-उन-निसाही होती. १६४७ मध्ये लाहोर येथे तिचे निधन झाले; तिची कबर ताजमहालाच्या परिसरात आहे.

हाफिजा मरियम

औरंगजेब व दिलरस बानू बेगम यांची ज्येष्ठ कन्या झेबुन्निसा हिचा जन्म १६३८ मध्ये दौलताबाद येथे झाला. तिला कुराण शिकवण्यासाठी हाफिजा मरियम या काश्मिरी घराण्यातील विदुषीची नेमणूक झाली. झेबुन्निसाने बालवयातच कुराण मुखोद्गत केले. या नात्याचा लाभ मरियमच्या मुलाला झाला. झेबुन्निसाच्या कृपेने इनायतुल्ला खानास बादशाही सेवेत स्थान मिळाले. पुढे औरंगजेबाची पत्रे व आज्ञा त्याने संकलित केल्या.

दिलरस बानूचे १६५७ मध्ये औरंगाबाद येथे निधन झाले. बीबी का मकबरा ही तिचीच कबर होय. तिचा नवजात मुलगा अकबर याने १६८१ मध्ये बापाविरुद्ध बंड केले. त्याच्याशी असलेल्या पत्रव्यवहारामुळे झेबुन्निसाचा तनखा बंद होऊन तिला सलीमगड येथे कैदेत ठेवण्यात आले. इनायतुल्ला खान मात्र बादशहाच्या मर्जीत राहिला.

ऐतिहासिक नोंदी

या स्त्रियांचे अधिकार राजकुटुंबाशी असलेल्या जवळिकीतून येत. दरबारी बखरकारांनी मुख्यतः अशा जवळच्या स्त्रियांचीच नावे नोंदवली. दोन रुपये वेतनाच्या सेविका त्यांच्या लेखनात बहुधा केवळ संख्येच्या रूपाने आढळतात.