संमतिवयाचा वाद : वाक्य, युक्तिवाद आणि हेत्वाभास

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींना शाळेची आठवण होईल. वाक्यांचे प्रकार, भाषेचे अलंकार आणि तर्कातले दोष. पण हे तिन्ही विषय आपण वेगवेगळ्या तासांना शिकतो, आणि खऱ्या वादात मात्र ते एकमेकांच्या हातात हात घालून येतात. म्हणून आज व्याख्या सांगत बसण्याऐवजी आपण एक प्रत्यक्ष वाद घेऊ. तोही असा, की ज्याच्या निकालावर दहा-अकरा वर्षांच्या मुलींचं जगणं-मरणं अवलंबून होतं.

हा वाद म्हणजे १८९१ चा संमतिवयाचा वाद. आधी थोडी पार्श्वभूमी बघू. १८६० च्या दंडसंहितेनं विवाहित मुलीच्या बाबतीत दहा वर्षांची मर्यादा घातली होती. पत्नी त्याहून लहान असेल तर पतीनं केलेला शरीरसंबंध हा बलात्कार ठरत असे. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाहाविरुद्ध टिपणं प्रसिद्ध केली. पुढे १८९० मध्ये कलकत्त्याला फूलमणी नावाची मुलगी पतीच्या बळजबरीमुळे मरण पावली. तिनं दहा वर्षं नुकतीच ओलांडली होती, त्यामुळे बलात्काराचा गुन्हा लागूच झाला नाही. निष्काळजीपणानं गंभीर इजा केल्याबद्दल पतीला एक वर्षाची शिक्षा झाली. जानेवारी १८९१ मध्ये सर अँड्र्यू स्कोबल यांनी मर्यादा दहाऐवजी बारा करणारं विधेयक मांडलं आणि १९ मार्चला त्याचा कायदा झाला. या मधल्या दोन-अडीच महिन्यांत पुण्यात जे रान पेटलं, ते मराठी वैचारिक गद्याच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण आहे.

एका बाजूला टिळकांचा ‘केसरी’ आणि दुसऱ्या बाजूला आगरकरांचा ‘सुधारक’. दोघेही विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या परंपरेतले. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’नं मराठी वाचकाला लांब, पल्लेदार, उपहासानं भरलेल्या वाक्याची गोडी लावली होती. आणि गंमत बघा, ज्या १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ काढला, त्याच साली त्यांचं ‘वाक्यमीमांसा’ हे वाक्यांच्या पृथक्करणावरचं पुस्तकही आलं. म्हणजे समाजाशी भांडायला निघालेला माणूस त्याच सुमाराला वाक्य सोडवून दाखवत होता. या दोन गोष्टी आम्हाला वेगळ्या वाटत नाहीत. ज्याला वाक्याचे सांधे दिसतात, त्याला युक्तिवादाचे सांधेही दिसतात.

आता वाक्यांच्या प्रकारांकडे वळू. व्याकरणात आपण विधानार्थी, प्रश्नार्थी, उद्गारार्थी, आज्ञार्थी, विध्यर्थी, संकेतार्थी असे प्रकार करतो. तर्कशास्त्राच्या दृष्टीनं यातलं विधानार्थी वाक्यच तेवढं खरं किंवा खोटं असू शकतं. म्हणून मन वळवणारा लेखक काय करतो? जे विधान सिद्ध करणं अवघड असतं, त्याला तो प्रश्नाचे कपडे घालतो. “परक्या सरकारनं आमच्या माजघरात शिरावं काय?” या प्रश्नाला उत्तर नकोच असतं. ते वाचकानं स्वतःच्या मनात द्यायचं असतं, आणि स्वतः दिलेलं उत्तर माणसाला स्वतःचंच मत वाटू लागतं. हे वाक्य आम्ही नमुन्यादाखल रचलं आहे, पण त्या काळचे अग्रलेख चाळले की याची भावंडं पानोपानी भेटतात. टिळकांच्या १८९७ मधल्या प्रसिद्ध अग्रलेखाचं शीर्षक ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हे आजही लोकांच्या तोंडी आहे. व्याकरणानं तो प्रश्न आहे, आशयानं ते विधान आहे.

प्रश्नार्थी वाक्य हे केवळ बलवानांचं हत्यार नाही, हेही लक्षात घ्या. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं, त्यात प्रश्नांची सरबत्तीच आहे. पण फरक कुठे पडतो? ताराबाईंचे प्रश्न पुरुषांना असतात, आणि त्यांचं उत्तर खरोखर द्यावं लागतं. जो दोष बाईला लावता तो तुमच्यात नाही का, असं विचारल्यावर समोरच्याला एक तर कबूल करावं लागतं किंवा कारण सांगावं लागतं. एक प्रश्न विचार थांबवतो, दुसरा विचार सुरू करतो. रूप तेच, काम उलटं.

विध्यर्थी वाक्याची कथा तर आणखी सुरस आहे. विरोधकांचं म्हणणं असं, की पहिल्या ऋतुदर्शनानंतर गर्भाधान संस्कार करावा असं शास्त्र सांगतं, आणि ऋतुदर्शन बाराच्या आत झालं तर कायदा धर्माच्या आड येतो. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मशास्त्रातली वचनं तपासून प्रतिपादन केलं की असा विरोध येत नाही. टिळकांनी त्यांना उत्तर दिलं. वरवर बघता हा पाठांचा वाद आहे. पण मुळाशी प्रश्न वाक्याच्या प्रकाराचा आहे. “करावे” म्हणजे केलंच पाहिजे, की केलं तर चालेल, की करायचंच असेल तर असं करावं? आपल्या मीमांसकांनी विधी, नियम आणि परिसंख्या असे भेद याच्यासाठीच केले. काही वाक्यं आज्ञेसारखी दिसतात आणि प्रत्यक्षात फक्त मर्यादा घालतात. एका ‘-वे’ प्रत्ययाच्या अर्थावर एवढं मोठं राजकारण उभं होतं.

आता हेत्वाभास. आम्ही वर्गात तर्कदोषांची यादी शिकवायचो तेव्हा विद्यार्थ्यांना ती पाठ होत असे, आणि मग ते जिथे तिथे दोषच बघू लागत. म्हणून इथे जरा जपून जाऊ.

पहिला आक्षेप असा होता, की मलबारी पारशी आहेत, त्यांनी हिंदूंच्या चालीरीतींत पडू नये. हा व्यक्तीवरचा हल्ला आहे, सरळ दोष आहे. मुलीला होणारी इजा सांगणाऱ्याच्या धर्मानं कमी-जास्त होत नाही.

दुसरा आक्षेप सुधारकांच्या वागण्यावर. न्यायमूर्ती रानड्यांनी स्वतः १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला होता, तेव्हा या मंडळींनी काय सांगावं? “तू तरी काय वेगळं केलंस” हा युक्तिवाद विधेयक चूक ठरवू शकत नाही. पण टिळकांनी १८९० मध्ये मांडलेली सूचना जरा निराळी होती. ज्यांना सुधारणा हवी त्यांनी आधी स्वतःला नियमांनी बांधून घ्यावं, असं ते म्हणाले. याला आम्ही निव्वळ दोष म्हणणार नाही. बोलणाऱ्याच्या निष्ठेची ती रास्त कसोटी आहे. फक्त तिनं जे सिद्ध होतं ते निष्ठेबद्दल, कायद्याच्या गरजेबद्दल नाही. बांधून घेणाऱ्यांच्या घरातल्या मुली तशाही सुरक्षित होत्या. प्रश्न उरलेल्यांचा होता.

तिसरा, आज हे विधेयक तर उद्या सगळा धर्म, हा उताराचा युक्तिवाद. राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ न करण्याचं वचन होतं, त्याचाही हवाला दिला जाई. यात परकी सत्तेविषयीची शंका खरी होती, ती थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. पण उतार आहे असं म्हणणाऱ्यानं मधल्या पायऱ्या दाखवायच्या असतात. १८२९ ला सतीबंदी झाली, १८५६ ला विधवाविवाहाचा कायदा झाला. त्यानंतर धर्म नाहीसा झाला नव्हता.

चौथा, फूलमणी हे एकच उदाहरण, त्यावरून साऱ्या समाजाला का बोल लावता? इथे मात्र दोष दाखवणाराच चुकतो. “सगळे असं करतात” हे विधान एका उदाहरणानं सिद्ध होत नाही, हे खरं. पण कायद्याला लागतं ते दुसरं विधान : “असं घडू शकतं आणि आजचा कायदा ते अडवत नाही.” ते सिद्ध करायला एक उदाहरण पुरतं.

आणि सुधारकांची बाजू? तीही धुतल्या तांदळासारखी नव्हती. विरोध करणारा प्रत्येक जण अडाणी किंवा ढोंगी, असा सूर तिथेही लागे. त्यामुळे “सुधारणा हवी, पण लोकशिक्षणातून, परक्यांच्या कायद्यातून नको” असं म्हणणारा माणूस हिशेबातच धरला जात नसे. त्याला उत्तर देता आलं असतं : शिक्षण येईपर्यंतच्या मुलींचं काय? उपहासाच्या भरात कधी कधी हे साधं उत्तर मागे पडलं. मात्र दोन्ही पारडी सारखी होती असंही कुणी समजू नये. आगरकरांची तर हयातीतच प्रेतयात्रा काढली गेली, आणि प्रेतयात्रेत हेतूही नसतो, हेत्वाभासही नसतो.

आपल्या न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधायचं तो वाद, जिंकायचं तो जल्प आणि स्वतःचा पक्षच न मांडता फक्त दुसऱ्याचा खोडायचा ती वितंडा. शब्दाचा अर्थ फिरवणं हे छल. ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी, तर समोरचा म्हणतो याच्याकडे नऊ कुठे आहेत! १८९१ च्या वादात असा एक शब्द दोन्ही बाजूंच्या डोळ्यांसमोर होता : ‘संमती’. बारा वर्षांच्या मुलीची संमती म्हणजे काय, तिला कुणी काय विचारलं, हे त्या गदारोळात फारसं कुणी विचारलं नाही. जिनं आपल्या वतीनं बोलायचं धाडस केलं त्या रखमाबाईंना १८८५ मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावानं वर्तमानपत्रात पत्रं लिहावी लागली. ज्यांच्याबद्दल वाद, त्यांचंच वाक्य वादात नाही. तर्कशास्त्राच्या पुस्तकात या दोषाला नाव नाही, पण आम्हाला तो सगळ्यांत मोठा वाटतो.

तेव्हा उद्या सकाळी पेपर उघडाल किंवा मोबाईलवर एखादा तावातावानं लिहिलेला मजकूर येईल, तेव्हा तीन गोष्टी करून बघा. प्रश्नार्थी आणि उद्गारार्थी वाक्यं काढून त्यांची साधी विधानं करा आणि ती खरी आहेत का ते तपासा. दोष सापडला तर तो निष्कर्षात आहे की फक्त मांडणीत, हे बघा, कारण वाईट रीतीनं मांडलेलं म्हणणंही खरं असू शकतं. आणि शेवटी, हा मजकूर ज्यांच्याविषयी आहे ती माणसं त्यात कुठे बोलताहेत का, ते शोधा. कायदा झाला तरी बालविवाह थांबले नाहीत. विवाहाच्याच वयाला हात घालणारा शारदा कायदा यायला १९२९ उजाडलं. एवढी वर्षं ज्या मुली गेल्या, त्यांच्यासाठी तरी आपण वाक्यं नीट वाचायला शिकलं पाहिजे.

आता प्रश्न असतील तर जरूर विचारा, फक्त उत्तर हवं असेल असे विचारा.