सट्टेदाराची वही

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. परंतु जंगलातील तेंदूपत्ता आणि रेल्वे जंक्शन यांच्या आधाराने येथे वाढलेला बिडी उद्योग त्याहून बराच जुना आहे. कारखानदार आणि घरी बसून बिड्या वळणाऱ्या स्त्रिया यांच्यामध्ये सट्टेदार, म्हणजे पाने व तंबाखू वाटून तयार बिड्या मोजून घेणारा मध्यस्थ, उभा असे, आणि कोणाचे घर कोठे, कोणाला किती माल दिला, किती बिड्या परत आल्या व किती निकृष्ट म्हणून छाटल्या, ही माहिती त्याच्याच वहीत राही. या धंद्यातील खरी सत्ता भांडवलाइतकीच या वहीत होती, कारण कारखान्याच्या हजेरीपटावर नाव नसलेल्या मजुराचा मालक कोण, हा प्रश्न सुटत नसे; १९५८ मध्ये मध्य प्रदेशातील सागरच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदाराला स्वतंत्र कंत्राटदार मानले, तेव्हा त्याच्या हाताखालची माणसे कारखान्याचे कामगार ठरली नाहीत. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने (उशिरा का होईना) घरी काम करणाऱ्यांनाही कक्षेत घेतले आणि १९७६ च्या बिडी कामगार कल्याण निधी कायद्याखाली त्यांच्यासाठी ओळखपत्राची तरतूद झाली. घरी बिड्या वळणाऱ्या कामगारांचा भविष्य निर्वाह निधीवरील हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मान्य केला.