बिवा तलाव, साबण आणि भाताचं पाणी

जपानचा इतिहास म्हटला की आपल्याला सामुराई, हिरोशिमा आणि फार तर टोयोटा आठवते. भातखाचराच्या चरांचा इतिहास कोण वाचणार? पण सध्या मला त्याचंच वेड लागलंय, तेव्हा जरा सहन करा.

शिगा प्रांतातला बिवा हा जपानचा सगळ्यात मोठा तलाव, साधारण ६७० चौरस किलोमीटरचा. क्योतो-ओसाका पट्ट्यातली सुमारे १.४ कोटी माणसं त्याच्या पाण्यावर जगतात. मे १९७७ मध्ये या तलावावर तांबूस-तपकिरी थर पसरला आणि नळाच्या पाण्याला माशासारखा वास यायला लागला. पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस वाढल्यामुळे सूक्ष्म शैवाल बेसुमार माजलं होतं. तेव्हाच्या धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट असायचं. मग गृहिणींनी पावडर सोडून साबण वापरायची चळवळ जोरात चालवली. १९७९ मध्ये शिगाने स्वतःचा कायदा केला आणि तो १ जुलै १९८० पासून लागू झाला. फॉस्फेटवाली पावडर विकायची नाही, वापरायची नाही, एवढंच काय, कोणाला भेटही द्यायची नाही! (तिकडे सणावाराला पावडरीचे खोके भेट द्यायची पद्धत होती.)

गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतात. पण १९८३ मध्ये तलावात निळं-हिरवं शैवाल दिसलंच. कारण पावडर हा एकच रस्ता नव्हता. दुसरा रस्ता भातशेतीतून जात होता.

पूर्वी वरच्या खाचराचं पाणी बांधावरून खालच्या खाचरात आणि तिथून त्याच्या खालच्या खाचरात जायचं. एकाचं सांडपाणी तेच दुसऱ्याचं सिंचन. भांडणंही त्यावरून व्हायचीच म्हणा. शिवाय शेतकरी तलावाकाठचा गाळ आणि पाणवनस्पती उपसून खत म्हणून शेतात टाकायचे. म्हणजे वाहून गेलेलं खत थोडंफार घरी परत यायचं.

१९६३ पासून सरकारने जपानभर शेतांची नव्याने आखणी सुरू केली. १०० बाय ३० मीटरचे तुकडे, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळपास ३० गुंठे. प्रत्येकाला पाणी आणणारा पाट वेगळा आणि पाणी नेणारा चर वेगळा. यात चूक काहीच नव्हती. ट्रॅक्टर घालायचा तर शेत हवं तेव्हा कोरडं करता यायला हवं, आणि शेजाऱ्याच्या मर्जीवर कोण बसणार? पुढे काठावरच्या गावांत तलावाचंच पाणी पंपाने शेतात यायला लागलं. पाणी घ्या, एकदा वापरा, तलावात सोडा. आपल्या भाषेत सांगायचं तर इनपुट आणि आउटपुट छान वेगळे केले, आणि मधला फीडबॅकच उडाला.

सगळ्यात वाईट काळ एप्रिलअखेर ते मे, चिखलणी-लावणीचा. फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटतो, म्हणून गढूळ पाणी सोडलं की खतही गेलंच.

यावरचा एक उपाय म्हणजे चराच्या तोंडाशी दार बसवायचं आणि तेच पाणी पंपाने परत शेतात फिरवायचं. त्यामुळे गाळ खाली बसतो आणि उरलेलं खत पिकाला दुसऱ्यांदा मिळतं. खाचराच्या तळाच्या चिखलात ऑक्सिजन नसतो. तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. थोडक्यात, खाचर म्हणजे फुकटचं शुद्धीकरण केंद्र. पंपाची वीज मात्र फुकट नाही, आणि जोराचा पाऊस आला की दार उघडावंच लागतं. मग अडवून ठेवलेला माल एका रात्रीत तलावात!

पावडरीचा खोका दुकानातून उचलता येतो, हजारो शेतांचे चर कसे उचलणार? शिगाने २००३ मध्ये पर्यावरणपूरक शेतीचा कायदा केला आणि २००४ पासून रासायनिक खतं-कीटकनाशकं कमी करून गढूळ पाणी रोखणाऱ्या शेतकऱ्यांना थेट पैसे द्यायला सुरुवात केली. मला त्यातली सगळ्यात आवडलेली युक्ती अगदी साधी आहे, आणि तिला पंपही लागत नाही. चिखलणीच्या आधी शेतात पाणीच कमी घ्यायचं, म्हणजे लावणीच्या वेळी सोडायला काही उरतच नाही.