दरवाजा मिटायचा तो कोणत्या सूर्यास्ताला?

हिरकणीची गोष्ट तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. दूध घालायला रायगडावर आलेली गवळण, मावळतीला बंद झालेले दरवाजे, घरी एकटे तान्हे मूल आणि अंधारात कडा उतरून गेलेली ती आई. ही आख्यायिका आहे. तिला कागदपत्रांचा पुरावा मागू नये. पण तिच्यातली एक गोष्ट लक्षात घ्या. पहारेकरी घड्याळ पाहत नाही. सूर्य बुडाला की दरवाजा मिटला, एवढाच त्याचा कायदा.

आजचा कायदाही तेच म्हणतो. प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा १९५८ सालचा, त्याखालचे नियम १९५९ चे. ज्या संरक्षित स्मारकांच्या वेळा वेगळ्या ठरवून दिलेल्या नाहीत, ती सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत खुली राहावीत, असे त्यांत आहे.

सरळ ‘सहा वाजता बंद’ असे का लिहिले नाही? एक तर मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि जुलैच्या आरंभी चांगले सात वीस होतात. दुसरे, घड्याळाचे सहा हे माणसांनी ठरवलेले. १ जानेवारी १९०६ ला देशभर एक प्रमाण वेळ आली, पण मुंबईच्या नगरपालिकेने आपली जुनी मुंबई वेळ सोडली नाही. ती एकोणचाळीस मिनिटे मागे. हा हट्ट १९५५ पर्यंत चालला! एका घड्याळात सहा, दुसऱ्यात सहा एकोणचाळीस, आणि समुद्रात बुडणारा सूर्य मात्र एकच.

बरे, सूर्यास्त म्हटला तरी तो कुठला? हा प्रश्न इंग्लंडात कोर्टापर्यंत गेला. तिथे १८८० साली ग्रिनिचची वेळ कायद्याने लागू झाली होती. पुढे १८९९ साली, सूर्यास्तानंतर सायकलला दिवा लावण्याच्या नियमावरून वाद झाला. निकाल असा, की सूर्यास्त म्हणजे ग्रिनिचचा नव्हे. माणूस जिथे आहे तिथला. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे पाहा ना: नागपूरला सूर्य मुंबईच्या आधी वीस ते तीस मिनिटे मावळतो. मुंबईची वेळ नागपूरला लावली, तर रखवालदाराने अंधारात पहारा करायचा. नागपूरची मुंबईला लावली, तर लख्ख उजेडात लोकांना हाकलायचे.

शिक्षकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. राष्ट्रीय पंचांगाचे मध्यवर्ती स्थान साडेब्याऐंशी रेखांशावर धरलेले आहे. रत्नागिरी त्याच्या सव्वानऊ अंश पश्चिमेला, आणि अंशाला चार मिनिटे. म्हणजे तिथला सूर्यास्त सदतीस मिनिटांनी उशिरा. अक्षांशाचा फरक आणखी थोडा.

शिवाय छापलेला सूर्यास्त सपाट क्षितिजाचा असतो: बिंबाची वरची कड टेकली तो क्षण. सत्तावीसशे फुटांच्या गडावरून पश्चिम मोकळी असेल तर सूर्य आणखी तीन-साडेतीन मिनिटे दिसतो. खाली दरीतल्या वाडीत मात्र तो केव्हाच डोंगराआड गेलेला असतो, आणि चुलीही पेटलेल्या असतात. सहलीची मुले घेऊन गड उतरायचा आहे तो त्याच दरीत.