सारकॉइडोसिसच्या रुग्णांचे रक्त वाचताना

सारकॉइडोसिसमध्ये फुफ्फुसांत, लसिकाग्रंथींत, कधी डोळ्यांत, त्वचेत किंवा हृदयात रोगप्रतिकारक पेशी गोळा होऊन बारीक गाठी बनतात. नॉर्वेच्या सीझर बोएक यांनी त्वचेवरच्या अशा गाठींचे सूक्ष्मदर्शकाखालचे वर्णन १८९९ मध्ये केले. नेमके कारण अजूनही सापडलेले नाही. गाठी तर अवयवांत असतात, मग रक्त कशाला तपासायचे? नव्याने या विषयात येणाऱ्याने हा प्रश्न जरूर विचारावा, कारण रक्त इथे सहजासहजी खरे बोलत नाही.

गाठींत टी-पेशींची दाटी असते आणि त्याच रुग्णाच्या रक्तात लिम्फोसाइट्स, म्हणजे टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी, पुष्कळदा कमी भरतात. टीबीसाठी त्वचेत टोचून करायची मॉन्टू चाचणीही बहुधा उठत नाही. रस्त्यावर शुकशुकाट दिसला म्हणून गाव ओस पडले असे कोणी म्हणत नाही. माणसे जत्रेला गेलेली असतात. हनिंगहेक आणि क्रिस्टल यांनी १९८१ मध्ये हे मोजून दाखवले: आजार जोरात असताना फुफ्फुस धुऊन काढलेल्या द्रवात मदतनीस टी-पेशींचे प्रमाण चढलेले आणि रक्तात उतरलेले. पण नुसत्या स्थलांतराने सगळे उलगडत नाही. २००६ मध्ये पॅरिसच्या संशोधकांना रक्तात आणि गाठींभोवती नियामक टी-पेशी वाढलेल्या आढळल्या. त्या इतर टी-पेशींची वाढ रोखतात, मात्र टीएनएफ हे दाहकारक द्रव्य त्यांना पुरते आवरत नाही. चाचणी न उठणे आणि गाठी टिकून राहणे या दोन्ही गोष्टी एकाच शरीरात कशा नांदतात, याचे मला पटलेले हे सर्वांत चांगले उत्तर आहे.

प्रयोगशाळेतही एकदा डोकवा. पातळ केलेले रक्त फायकॉल या दाट द्रावावर हलक्या हाताने सोडून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की तांबड्या पेशी तळाला बसतात, प्लाझ्मा वर राहतो आणि मधे लिम्फोसाइट्ससारख्या पेशींचे दुधाळ कडे दिसते. पिपेटने उचलतात ते हेच. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मात्र तांबड्या पेशींबरोबर तळाला जातात, त्यामुळे बऱ्याच शोधनिबंधांत त्यांचा पत्ताच नसतो. हे कोणी ठळकपणे सांगत नाही, ही माझी जुनी कुरकुर.

आपल्याकडे या अभ्यासाला वेगळे वजन आहे. छातीच्या एक्स-रेवर सावली दिसली की आधी टीबी आठवतो, आणि सारकॉइडोसिसचे कितीतरी रुग्ण टीबीची औषधे घेऊन मगच योग्य निदानापर्यंत पोचतात. रक्तपेशींतल्या जनुकांच्या हालचालीवरून दोन्ही आजार वेगळे काढावेत, तर २०१२-१३ च्या अभ्यासांत इंटरफेरॉन या संदेशवाहक प्रथिनांशी निगडित खुणा दोन्हीकडे जवळपास सारख्या निघाल्या. त्यामुळे निरोगी माणसांशी केलेली तुलना आपल्या दवाखान्यात फारशी कामाची नाही. समोर टीबीचे रुग्ण हवेत.

पुढचे लेख वाचताना आकड्यांच्या आधी रुग्णांचा तक्ता पाहा. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी घेतल्यावर काही तासांतच रक्तातले लिम्फोसाइट्स घटतात. रुग्ण स्टेरॉइडवर होता का आणि रक्त गोळीच्या आधी काढले की नंतर, हे लेखात दिले नसेल, तर त्यातली घट आजाराच्या खात्यावर मांडू नका.