पडदा एकाचा, हात दुसऱ्याचा

जुलै २०२० मध्ये पनवेल येथे 'योट्टा एनएम-१' या विदा केंद्राचे उद्घाटन झाले. तेव्हा करोनाची साथ होती. माणसे घरात आणि त्यांचे कामाचे संगणक दुसरीकडे, अशी अनेक कार्यालयांची स्थिती होती. घरातल्या पडद्यावर कार्यालयातला पडदा उमटत होता. हे तंत्र साथीतून जन्मले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याची मुळे १९४० पर्यंत जातात.

त्या वर्षी ११ सप्टेंबरला अमेरिकेतील हॅनोव्हर गावी गणितज्ञांची सभा भरली होती. बेल प्रयोगशाळेच्या जॉर्ज स्टिबिट्झ यांनी तेथे एक टेलिटाइप यंत्र ठेवले. त्यावर टंकलेले गणित तारेने तीनशेहून अधिक किलोमीटर दूर, न्यूयॉर्कमधील गणकयंत्राकडे जाई आणि उत्तर परत येऊन कागदावर उमटे. आपल्याकडे १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० संगणक आला, तेव्हाही संशोधक छिद्रित कार्डांचे गठ्ठे घेऊन त्याच्या दारी जात. हे पाहिले, की स्टिबिट्झ यांच्या प्रयोगाचे मोल कळते.

पुढची पायरी ९ डिसेंबर १९६८ ची. सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट यांनी मेन्लो पार्कमधील संगणक दुरून चालवून दाखवला. तेथे बसलेला सहकारी आणि एंगेलबार्ट एकाच मजकुरावर काम करत होते. एकाचा पडदा दोघांचा झाला तो असा.

ही सोय सर्वसामान्य संगणकांवर आणणारे एक महत्त्वाचे तंत्र म्हणजे व्हीएनसी. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत ते विकसित झाले आणि १९९८ च्या सुमारास सर्वांना मोफत मिळाले. त्याची कल्पना सोपी आहे. पडदा म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. त्यातला जेवढा चौकोन बदलला, तेवढाच पाहणाऱ्याकडे पाठवायचा आणि त्याच्या कळफलकाचे व माउसचे संदेश उलट दिशेने आणायचे. दोन्ही संगणकांच्या प्रणाली वेगळ्या असल्या तरी बिघडत नाही, कारण ठिपके सर्वत्र सारखेच.

याच काळात एका मोठ्या संगणकावर अनेकांनी दुरून, आपापल्या स्वतंत्र सत्रात काम करण्याची पद्धत कार्यालयांत रुळली. विंडोज २००० च्या सर्व्हरमध्ये तर व्यवस्थापकाला दुसऱ्याचे चालू सत्र पाहण्याची आणि हाती घेण्याची सोय होती. अडलेल्या कारकुनाला मदत करायला तंत्रज्ञाला त्याच्या टेबलापर्यंत जावे लागत नसे. एरवी आधी वापरकर्त्याची संमती विचारली जाई. पण ही अट व्यवस्थापकाला काढून टाकता येत असे.

खरा प्रश्न येथेच उभा राहतो. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३ संगणकाच्या मालकाची किंवा प्रभारी व्यक्तीची परवानगी पाहते. कार्यालयात मालक असते संस्था. पडद्यासमोर बसलेला माणूस नव्हे. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. शिवाय संमती फसवूनही घेता येते. दूरनियंत्रणाचे ॲप उतरवायला लावून खात्यातील पैसे पळवण्याचे प्रकार घडू लागले, तेव्हा फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केले.

शाळेच्या संगणक कक्षातही 'वेयॉन'सारख्या मुक्त सॉफ्टवेअरने शिक्षकाला सर्व मुलांचे पडदे एकत्र पाहता येतात. अडलेल्या मुलाला चटकन हात देता येतो, हा त्याचा मोठा लाभ. पण वर्गात मुलांच्या वहीत डोकावताना आपण त्यांच्या शेजारी उभे असतो आणि त्यांना ते दिसत असते. पडद्यामागून पाहताना तसे होत नाही. म्हणून पहिल्याच तासाला आपण मुलांना सांगावे, की तुमचा पडदा आम्हांला दिसतो. मग एका मुलाला शिक्षकाच्या जागी बसवून आपला पडदा त्याला पाहू द्यावा. कोणीतरी पाहत आहे, ही जाणीव काय असते, ते त्या पाच मिनिटांत आपल्यालाही कळेल.