सराफ्याचा काटा आणि ब्राँझची पदके

जबलपूरच्या जुन्या वस्तीत, १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची स्मृती म्हणून उभारलेल्या कमानिया दरवाजाच्या परिसरात, सोन्याचांदीच्या पेढ्यांचा सराफा आहे. सराफी व्यवहाराला वस्तूचा इतिहास लागत नाही. कस आणि वजन एवढे पुरते. मोडीत आलेला दागिना मुशीत गेला, की त्याच्याशी निगडित नाव, गाव, पिढी सारे संपते. बाजाराचा हा न्याय समजण्याजोगा आहे. तथापि विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या पदकांबाबत त्याचा एक अनपेक्षित परिणाम दिसतो. चांदीची पदके मोठ्या संख्येने आटली गेली. ज्यांना काट्यावर किंमत नव्हती, ती ब्राँझची पदके उरली.

या विषयाच्या विचाराला जबलपूर हे स्थळ साजेसे आहे. १८१७ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे १८६१ ते १९५६ या काळात, नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांतात जबलपूरचा समावेश होता. त्यामुळे मराठी कुटुंबांचे येथील वास्तव्य जुने आहे. छावणी आणि १९०४ चा तोफगाड्यांचा कारखाना यांनी शहराला लष्करी वळण दिले. जवळच्या सागर येथे आज महार रेजिमेंटचे केंद्र आहे. पदक आणि मराठी नाव यांची गाठ पडावी, असाच हा प्रदेश होय.

कलाकृती म्हणून पदकाचे पुनरुज्जीवन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये झाले. शाप्लँ आणि रोती हे त्याचे अध्वर्यू. मोठ्या आकारात घडवलेले उठावशिल्प यंत्राने लहान करून ठशावर उतरवता येऊ लागले, तेव्हा शिल्पकाराचा हात थेट पदकापर्यंत पोहोचला. पहिल्या महायुद्धानंतरची पदके या परंपरेच्या छायेत घडली. ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्याला दिलेले विजयपदक शिल्पकार विल्यम मॅकमिलन यांचे. ते ब्राँझचे, ३६ मिलिमीटर व्यासाचे असून त्यावर पंख पसरलेली विजयदेवता उभी आहे. त्याच आकाराचे, चांदीचे युद्धपदकही मॅकमिलन यांचेच. त्याचे वजन पावणेतीन तोळ्यांच्या आसपास भरते. हे वजनच त्याच्या नाशास कारण ठरले. १९८० मध्ये चांदीचे भाव कडाडले, तेव्हा इंग्लंडमध्येही अशी असंख्य पदके वितळवली गेली.

मात्र युद्धपदकाचीही एक ब्राँझ आवृत्ती होती. सुमारे १,१०,००० एवढीच ती निघाली. हिंदी, चिनी आणि माल्टी मजूर तुकड्यांतील माणसे व लष्कराचा सेवकवर्ग यांच्या वाट्याला ती मुख्यतः आली. सैनिकाला चांदी आणि ओझी वाहणाऱ्याला ब्राँझ, असा हा दर्जाभेद धातूतच ओतलेला होता. आज संग्राहक हे पदक चांदीच्या पदकापेक्षा दुर्मिळ मानतात. ज्या धातूने माणसाला कमी लेखले, त्याच धातूने त्याचे नाव मुशीतून वाचवले.

नाव हीच येथे कळीची गोष्ट आहे. पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. युद्धात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना याखेरीज ब्राँझचा स्मृतिफलक मिळाला. त्याच्या रचनेसाठी १९१७ मध्ये स्पर्धा जाहीर झाली. आठशेहून अधिक नमुने आले आणि लिव्हरपूलचे एडवर्ड कार्टर प्रेस्टन विजयी ठरले. सुमारे १२० मिलिमीटर व्यासाच्या या चकतीवर ब्रिटानिया आणि सिंह असून चौकटीत मृताचे नाव उठावात आहे. हुद्दा मुद्दाम वगळला आहे. मरणात तरी सारे समान, ही त्यामागील भूमिका होती.

ही समानता दगडावर मात्र टिकली नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत येथे शरण गेलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियातील मृतांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक झाले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या. स्मरणातील असा पक्षपात कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ च्या अहवालात मान्य केला. ज्या शिपायाला बसऱ्याच्या शिळेवर नाव नाही, त्याचे नाव घरच्या ट्रंकेतील ब्राँझवर असू शकते. मग ते ब्राँझ कागदपत्राइतकेच मोलाचे साधन ठरते.

म्हणून या पदकांच्या संग्रहात दर्शनी बाजूच्या सौंदर्याइतकेच कडेचे वाचन महत्त्वाचे. रोमन लिपीत गेलेली मराठी नावे ओळखण्यास भाषेची जाण लागते. आडनाव, गाव आणि पलटण यांचा मेळ घालावा लागतो. ब्राँझवर काळाने चढलेली छटा चकाकीच्या हौसेने घासू नये. घासण्याने अक्षरे झिजतात. एकाच माणसाची पदके वेगवेगळी विकली गेली, की त्याच्या सेवेची कथा तुटते. शंभर वर्षे पूर्ण केलेल्या कलावस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो आणि अशी वस्तू परवान्यावाचून देशाबाहेर नेता येत नाही. परंतु घरातून भंगारात जाणाऱ्या पदकाला कायदा क्वचितच अडवतो. तेथे जाणकार संग्राहकाची, आणि त्याहूनही कड वाचू शकणाऱ्या वारसाची गरज असते. सराफ्याच्या काट्याने ब्राँझ नाकारले, म्हणून ही नावे आजवर टिकली; यापुढे ती कोणीतरी वाचल्यावाचून टिकणार नाहीत.